टेकडीच्या पायथ्याशी पार्किंग नाही

पहाटे साडेपाचला पुण्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, ती टेकड्यांच्या पायथ्याशी. तळजाई घ्या, हनुमान टेकडी घ्या, वेताळ टेकडी घ्या. चालायला आलेल्यांच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशा लागलेल्या असतात, की घरून खरोखरच पायी आलेल्या एखाद्या बिचाऱ्याला वर जायला वाट सापडू नये. शिवाय गाडी शक्य तितकी वर, पार शेवटच्या दगडापर्यंत न्यायची चुरस असते. तिथली पन्नास पावलं वाचवायची, मग वर जाऊन दहा हजार चालायची.

हे दहा हजार आले कुठून? टोकियो ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी, १९६५ मध्ये, यामासा नावाच्या जपानी कंपनीने कमरेला लावायचं, पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. आकडा गोल होता, लोकांना आवडला. शास्त्रज्ञ मोजायला बसले ते पुष्कळ नंतर. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये वयस्क अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढेना. म्हणजे चक्क २५ टक्के सूट! एरवी पाच टक्क्यांसाठी लक्ष्मी रोड पालथा घालणाऱ्या आमच्या मंडळींनी ही सूट मात्र साफ नाकारली. दहा म्हणजे दहा.

त्यामुळे रात्री अकरा वाजता सोसायट्यांमध्ये एक विचित्र वर्दळ सुरू होते. घड्याळात ९,६४० झालेले असतात. हॉलमधून बाल्कनी, बाल्कनीतून हॉल. खालच्या मजल्यावरचे जोशीबुवा झाडूच्या दांड्याने छत ठोठावतात, तरी वरची पावलं थांबत नाहीत. ज्यांना एवढेही कष्ट नकोत त्यांनी यंत्राची नाडी ओळखली आहे. मनगटावरचं घड्याळ पाय कुठे बघतं? ते हाताच्या हालचालीवरून पावलांचा अंदाज बांधतं. सोफ्यावर बसून, मालिका बघता बघता डावा हात झोकात हलवत राहिलं तरी त्याच्या खात्यात काही ना काही जमा होतं. उलट दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या धरून मंडईतून घरापर्यंत या. हात हलत नाहीत, निम्मी मेहनत वहीत चढतच नाही. यावर आमच्या विंगेत सर्वानुमते तोडगा निघाला आहे. भाजी दहा मिनिटांत घरपोच मागवायची आणि मोकळ्या हातांनी पार्किंगमध्ये फेऱ्या मारायच्या. भाजी घेऊन येणारा पोरगा पिशव्या धरून चार जिने चढतो, पण त्याच्या पावलांचं कौतुक करायला त्याच्याकडे घड्याळ नाही आणि आपल्याकडे वेळ नाही.

टेकडीवरच्या कट्ट्यावर आता ‘राम राम’ ऐकू येत नाही. ‘तीन महिन्यांची सरासरी साखर किती?’ असं विचारतात. ‘सहा पॉइंट एक.’ ‘वा! माझी सहा पॉइंट तीन.’ साडेसहाची वेस ओलांडली की माणूस मधुमेही ठरतो, त्यामुळे वेशीच्या आत असलेल्यांचा रुबाब वेगळा आणि बाहेर पडलेल्यांचा अनुभवी म्हणून मान वेगळा. या गप्पांना दीड तास लागतो. त्यानंतर एवढे श्रम झाले म्हणून खाली उतरून मिसळ. अर्धा तास झपझप चाललं तर दीडेकशे कॅलरी खर्च होतात आणि एका साध्या वडापावात त्याच्या दुपटीच्या आसपास असतात, हे गणित कट्ट्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना येत नाही असं नाही. ते तर्री ‘कमी’ सांगतात आणि पाव ‘एक्स्ट्रा’ मागवतात, इतकंच.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने जगाचा आळस मोजून छापला. २०२२ चे आकडे होते. भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ आठवड्याला दीडशे मिनिटांची मध्यम मेहनतसुद्धा करत नाहीत. पुरुषांमध्ये ४२ टक्के, स्त्रियांमध्ये ५७. बायकाच जास्त आळशी, असा निष्कर्ष कट्ट्यावर लगेच निघाला. तो काढला गेला तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते. त्या वेळी कट्ट्यावरच्या सगळ्यांच्या घरी डबे कोण भरत होतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

खाण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात दोन पंथ आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत आल्या, दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, तुपाला भिऊ नका. दोघांचंही सबंध ऐकलं तर दोघं चालायला सांगतात, पाकिटातल्या गोडधोडापासून दूर राहायला सांगतात. पण सबंध ऐकतो कोण? आमच्या ओळखीत एकाच घरात नवरा दीक्षितांचा आणि बायको दिवेकरांची, असे मिश्रविवाह सुखाने नांदत आहेत. काही पोचलेले लोक तर दोन्ही पंथांत आहेत: दोन वेळचं दाबून जेवण दीक्षितांच्या खात्यावर आणि मधलं सगळं दिवेकरांच्या.

एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी पहिला घास घ्यायच्या आधी मोबाइलवर ५५ मिनिटांचा गजर लावला. मसालेभात झाला, आळूची भाजी झाली, पुऱ्या झाल्या, मठ्ठा दोनदा झाला. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला बासुंदी दिसेना, तसे काका अस्वस्थ झाले. वाढप्याला हाक मारली, ‘अहो, सात मिनिटं राहिलीत माझी!’ वाढपी धावला. त्याला वाटलं, काकांची गाडी सुटतेय. जोर लावून काकांनी तीन वाट्या संपवल्या, गजर वाजला, आणि चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू नियमभंगाचं पाप टळलं. काकू तिरकस बोलल्या, ‘घड्याळाचं पोट भरलं ना?’

सरकारही स्वस्थ बसलेलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांना सुचवलं, की रोजच्या पदार्थांत तेल-साखर किती असते ते दाखवणारे फलक लावा. जुलैत बातमी उठली, समोशावर आणि जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा येणार. देश हादरला. एरवी हवेतल्या धुराबद्दल अवाक्षर न काढणारी माणसं वडापावच्या सन्मानासाठी सरसावली. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला, की विक्रेत्यांच्या पदार्थांवर कसलाही इशारा नाही, फलक आहेत ते कार्यालयांच्या भिंतींसाठी. जीव भांड्यात पडला. आमच्या एका मित्राच्या कचेरीत असा फलक प्रवेशद्वारातच लावला आहे. दिसायला देखणा असल्यामुळे वाढदिवसाच्या केकचे फोटो आता त्याच्यापुढे काढतात.

टेकडीवर गाडीने जाणाऱ्यांची एक बाजू मात्र मांडायलाच हवी, कारण ती खरी आहे. घरापासून टेकडी दीड किलोमीटर. चालत जायचं तर पदपथ पाहिजे. पदपथ आहे, त्यावर वीजमंडळाचा डीपी आहे, चहाची टपरी आहे, उघडं चेंबर आहे, अभ्यासिकेचा बोर्ड आहे, आणि सिग्नल टाळायला निघालेला दुचाकीस्वार मागून हॉर्न वाजवून ‘काका, बाजूला व्हा की!’ म्हणतो आहे. साठीच्या माणसाने हृदय मजबूत करायला या वाटेने जायचं म्हणजे घरून निघतानाच ते मजबूत असायला हवं. दुकान, शाळा, बसथांबा इथवर निर्धास्त चालता आलं असतं तर निम्मी पावलं फुकटात पडली असती. पण पदपथाचं उद्घाटन करायला कोण येतं? ओपन जिमचं करता येतं. म्हणून प्रत्येक उद्यानात नगरसेवकाच्या नावाची हिरवी-पिवळी यंत्रं उभी आहेत आणि त्यांवर कुणाचे तरी टॉवेल वाळत आहेत.

आमची सोसायटी मागे राहिलेली नाही. वार्षिक सभेत घसघशीत खर्च मंजूर होऊन पहिल्या मजल्यावर वातानुकूलित व्यायामशाळा झाली. ट्रेडमिल दोन, सायकली तीन आणि पायऱ्या चढल्याचा व्यायाम देणारं एक महागडं यंत्र. गेल्या आठवड्यात सूचनाफलकावर चिटणीसांच्या सहीचा कागद लागला: ‘लिफ्टच्या दुरुस्तीचे काम सुरू असल्याने व्यायामशाळा पुढील सूचनेपर्यंत बंद राहील. सभासदांनी नोंद घ्यावी.’ खाली कुणीतरी पेनाने लिहिलं आहे, ‘वर्गणीत सूट मिळेल का?’