चूर्णाला मानपत्र

साठी ओलांडलेल्या पुरुषाची लघवीची धार बारीक होते, ती सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही काही राहिल्यासारखे वाटते आणि रात्रीतून तीन-चारदा उठावे लागते. साठीच्या निम्म्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याची खूण सापडते. ऐंशीनंतर दहातल्या आठ-नऊ जणांत. म्हणजे गावागावांत, सोसायटी-सोसायटीत हे दुखणे आहे आणि त्याविषयी बोलायचे नाही, असे आपण सर्वांनी मिळून ठरवलेले आहे. या ठरावाचा मान राखून ज्याने वृद्धांची सेवा चालवली, त्या हर्बल चूर्णाचा यथोचित गौरव अजून झालेला नाही. ती उणीव भरून काढणे नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे.

चूर्णाचा पहिला गुण म्हणजे त्याची अदब. डॉक्टरकडे गेले की तो विचारतो: धार मध्येच तुटते का, कपडे ओले होतात का, लघवीतून रक्त गेले का. मग ओटीपोट दाबून पाहतो, गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी तपासतो, सोनोग्राफीला पाठवतो आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली तेही मोजायला लावतो. चाळीस वर्षांच्या संसारात ज्याने पत्नीजवळही हा विषय काढला नाही, त्याच्यावर हा मोठाच प्रसंग असतो. चूर्ण असले काही करत नाही. ते कुरिअरने येते, कपाटात कपड्यांच्या घडीमागे राहते आणि कुणाला काही विचारत नाही. घरच्यांनीही विचारलेले नसते, हे इथे नोंदवायला हवे. मुलगा बाबांच्या बीपीच्या गोळ्या न चुकता आणतो, दर तीन महिन्यांनी साखर तपासून घेतो. पण पहाटेपर्यंत संडासाचा दिवा चौथ्यांदा लागला, तर कूस बदलून झोपतो. चूर्णाने कुणाची जागा बळकावली नाही. ती रिकामीच होती.

दुसरा गुण सुटसुटीतपणाचा. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. दगडासारखी घट्ट गाठ वाट अडवते, तोही त्यांतलाच एक. सुश्रुत हा शल्यविशारद. मूत्राशयातला खडा कापून काढण्याची क्रिया त्याने तपशिलाने लिहिली आहे. रोग नीट ओळखल्याशिवाय हात घालायचा नाही, अशी त्याची शिस्त होती. त्याचे नाव डब्यावर छापणाऱ्यांनी हा सगळा पसारा आवरून टाकला. गोखरू, वरुण, पुनर्नवा, थोडे शिलाजित. बाराही प्रकारांना मिळून एक डबा, सकाळ-संध्याकाळ एक चमचा कोमट पाण्यातून. नाडी बघणाऱ्या वैद्याचीसुद्धा मध्ये गरज उरत नाही. मधुमेहामुळे वारंवार लघवीला होत असेल, मूत्रमार्ग आकसला असेल, जंतुसंसर्ग असेल, खडा असेल किंवा ग्रंथीत कॅन्सर असेल, चूर्ण भेदभाव करत नाही. इतकी समदृष्टी आपल्या सार्वजनिक जीवनात अन्यत्र आढळत नाही.

गुणकारितेचा प्रश्न काही मंडळी उपस्थित करतात. त्यांना आधुनिक संशोधनानेच उत्तर दिले आहे. फ्लोरिडाकडे वाढणाऱ्या सॉ पाल्मेटो या बुटक्या पामच्या फळांचा अर्क या दुखण्यावर जगभर खपतो. आपल्याकडच्या महागड्या कॅप्सूलांतही तो असतो. 2006 साली अमेरिकेत 225 पुरुषांवर वर्षभर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. दोन्हींत फरक दिसला नाही. मात्रा कमी पडली असेल, अशी शंका निघाली. म्हणून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत 369 पुरुषांना 72 आठवडे ठेवले आणि मात्रा वाढवत तिप्पट केली. लक्षणांच्या तीव्रतेचे गुण अर्काने सरासरी 2.20 ने उतरले, पोकळ गोळीने 2.99 ने. तिप्पट मात्रेतही जे आपल्या स्वभावापासून ढळत नाही, त्याच्या सातत्याविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही.

आणि ‘मला गुण आला’ म्हणणारे आजोबा खोटे बोलत नाहीत, हेही या आकड्यांनी सिद्ध केले. पोकळ गोळीनेही बरे वाटतेच. हे दुखणे मुळात कमी-जास्त होत राहते. माणूस डबा मागवतो तो ते फार झालेले असते तेव्हा, आणि त्यानंतर थोडे कमी होणे ओघानेच येते. शिवाय डब्यासोबत पथ्याचा कागद येतो: संध्याकाळनंतर चहा नको, झोपण्याआधी पाणी कमी, मद्य बंद. हा सल्ला उत्तम आहे. तो फुकट मिळाला असता तर कुणी पाळला नसता.

क्वचित एखादे हर्बल औषध खरोखरच प्रभावी निघते. अमेरिकेत 1990 च्या दशकात ‘पीसी-स्पेस’ नावाचे आठ वनस्पतींचे मिश्रण प्रोस्टेटसाठी विकले जाई. कॅन्सरचे रुग्णही ते घेत आणि त्यांच्या रक्ततपासणीचे आकडे झपाट्याने उतरत. प्रयोगशाळांनी तपासले तेव्हा त्यात स्त्रीसंप्रेरकाचे कृत्रिम औषध, रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि वेदनाशामक इंडोमेथासिन सापडले. 2002 मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. तेव्हा आपल्या डब्यातून फार झटपट गुण येत नसेल, तर ग्राहकाने त्याबद्दल कृतज्ञ राहावे.

आपल्या कायद्यानेही या व्यवसायाला सभ्यता शिकवली आहे. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींवरचा 1954 चा केंद्रीय कायदा ज्या 54 विकारांवर उपचाराचा दावा जाहिरातीत करू देत नाही, त्या यादीत प्रोस्टेट ग्रंथीचे विकार आहेत. म्हणून डब्यावर कोणताही दावा नसतो. ‘मूत्रसंस्थेचे आरोग्य राखण्यास सहायक’ एवढेच असते. दावा फोनवर होतो. पलीकडचा मुलगा ‘काका, काळजी करू नका’ म्हणतो, पाच मिनिटे ऐकून घेतो, पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करतो. गर्दीच्या ओपीडीत काकांचे एवढे कुणी ऐकले होते का, याचा प्रामाणिक विचार आपण करावा आणि मग त्या मुलाला नावे ठेवावीत.

चूर्णाचा सर्वांत मोठा गुण मात्र संयमाचा. तीन महिन्यांचा कोर्स, मग सहा, मग ‘मुळापासून जायला वर्ष लागेल’. या वर्षभरात शरीर स्वस्थ बसत नाही. अडलेल्या वाटेतून लघवी ढकलून ढकलून मूत्राशयाचे स्नायू आधी जाड होतात, नंतर थकतात. लघवी आत उरू लागते, तिचा दाब मागे मूत्रपिंडांवर येतो, ती सुजतात. यातले बरेचसे वेदनेशिवाय घडते, त्यामुळे चूर्णाला दोष देण्याची वेळ येत नाही. मग थंडीत सर्दीची साधी गोळी घेतली जाते आणि रात्री दोन वाजता लघवी पूर्ण अडते. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले आणि कळा सोसवत नाहीत, अशा अवस्थेत बाबांना रिक्षात घालून नेतात, नळी टाकतात, पिशवी लावतात. त्या रात्री ज्या मुलाने कधी विचारले नव्हते, त्याला सगळे कळते. मूत्रपिंडांचे हाल सांगणारा क्रिएटिनिनचा आकडाही कळतो. टॅम्सुलोसिनसारखी गोळी बहुतेकांना काही दिवसांतच आराम देते, ग्रंथी लहान करणारी औषधे आहेत, दुर्बिणीची शस्त्रक्रिया जुनी आणि सरावाची आहे, हेही तेव्हाच कळते. बिघडलेले मूत्रपिंड मात्र यातल्या कशानेही पूर्ववत होईलच असे नाही.

शासनाच्या कर्तव्यपूर्तीलाही चूर्णाचा हातभार लागतो. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटीचा प्रवास 2022 पासून मोफत आहे. पण गाडी पुढच्या स्थानकापर्यंत थांबणार नाही, या धास्तीने कितीतरी आजोबा पंढरपूरला जात नाहीत, नातीच्या लग्नाला मांडवाच्या कडेची खुर्ची धरतात, कट्ट्यावर येणे सोडतात. आपण त्याला म्हातारपण म्हणतो. महामंडळाची एक जागा रिकामी राहते.

मूत्ररोगतज्ज्ञ या दुखण्यासाठी एक प्रश्नावली वापरतात. सात प्रश्न लक्षणांचे, आणि मग आठवा वेगळा: उरलेले आयुष्य लघवीच्या याच त्रासात काढावे लागले, तर तुम्हाला कसे वाटेल? उत्तर शून्य ते सहामध्ये द्यायचे असते. हा प्रश्न विचारायला ना यंत्र लागते, ना पदवी. मुलगा विचारू शकतो, सून विचारू शकते, गावचा वैद्य विचारू शकतो. चूर्णाच्या डब्यावर तो कुठेच छापलेला नाही, आणि हा त्याचा गुण आपल्या घरांना फार मानवलेला आहे.