जिभेचा पंचनामा

तोंडात आलेली गाठ मोजायचं काम जिभेकडे सोपवू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. पण एवढंच म्हणून थांबलो तर लेख होत नाही आणि माझं वाचनही दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर. ओठाच्या आतल्या बाजूला साबुदाण्याएवढं काहीतरी येतं. जीभ दिवसभर तिथं जाऊन पंचनामा करते आणि दर फेरीला आकार वाढवून सांगते. संध्याकाळपर्यंत साबुदाण्याचं बोर होतं, झोपायच्या वेळी लिंबू. ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यांच्या तोंडात तीळभर गाठ आली तर ती गुपित कशी राहणार? घरातल्या प्रत्येकाला मोबाइलचा टॉर्च धरून एकदा आत डोकावावंच लागतं. आणि एवढं सगळं होऊन डेंटिस्ट ‘काही नाही’ म्हणाला, की हायसं वाटण्याआधी क्षणभर अपमान वाटतो. आपल्यासारख्याच्या तोंडात काहीतरी यावं आणि ते इतकं किरकोळ असावं! निदान नाव तरी भारदस्त हवं होतं.

जिभेच्या या अतिशयोक्तीमागे शरीरशास्त्र आहे, आणि ते मला इतकं आवडतं की मूळ विषय थोडा थांबला तरी चालेल. माँट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला जागं ठेवून त्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करत आणि कुठं काय जाणवलं ते विचारत. 1937 साली त्यांनी एडविन बोल्ड्री यांच्यासोबत या संवेदनांचा नकाशा प्रसिद्ध केला. मेंदूत ज्या अवयवाला जितकी जागा, तितका तो अवयव मोठा, या हिशेबानं काढलेला माणूस बघण्यासारखा असतो: सुपाएवढे हात, सुजल्यासारखे ओठ, बाहेर आलेली जीभ, आणि मधलं धड जेमतेम काडीएवढं. आपण आरशात बघतो तो माणूस निराळा. मेंदूच्या दफ्तरी आपली नोंद अशी आहे. जिभेच्या टोकाला एकमेकांपासून मिलिमीटरभर अंतरावरची दोन टोकं वेगळी कळतात. पाठीवर तीच टोकं तीन-चार सेंटिमीटर लांब ठेवली तरी एकच वाटू शकतात. पाठीमागे चाललेलं माणसाला कळत नाही, याला आता शास्त्राचाही दुजोरा आहे. पाठीवरचा चामखीळ वीस वर्षं बिनबोभाट नांदतो आणि गालातला राजगिऱ्याएवढा उंचवटा घर डोक्यावर घेतो, तो याच जागावाटपामुळे. शरीरात सगळ्यात जास्त वटवट करणाऱ्या अवयवालाच निरीक्षणाचीही सूक्ष्म शक्ती मिळावी, ही योजना ज्यानं कुणी केली त्याला वृत्तपत्रसृष्टीची चांगली जाण असावी.

तर मूळ मुद्दा. जिभेनं रंगवून सांगितलेल्या प्रकरणांची चौकशी केली, की आरोपी बहुधा घरचाच निघतो. मोठ्या माणसांच्या तोंडात सगळ्यात जास्त आढळणारी गाठ म्हणजे फायब्रोमा. दातांमध्ये सापडून गाल किंवा ओठ पुन्हा पुन्हा चावला जातो, आणि शरीर तिथं तंतूंची गाठ बांधून ठेवतं. खालच्या ओठातली निळसर, मऊ फुगी म्हणजे बहुतेक वेळा म्युकोसील. तोंडात मोठ्या लाळग्रंथींखेरीज सहाशे ते हजार छोट्या ग्रंथी असतात. चाव्यानं त्यांतल्या एकीची नळी फुटली, की लाळ आतच साठते. ती फुगी फुटते आणि परत भरते, म्हणून सुई टोचून पराक्रम करण्यात अर्थ नसतो. त्रास होत असेल तर ग्रंथीसकट काढावी लागते. ओठावरचे पिवळसर बारीक ठिपके, ज्यांना अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ फोर्डाइस यांचं नाव मिळालं, ते बहुसंख्य प्रौढांत असतात आणि साध्या तेलग्रंथीच असतात. आणि टॉर्च मारून जिभेच्या मुळाशी जी उंचवट्यांची ओळ ‘सापडते’, ती जन्मापासून तिथंच आहे. चवीची इंद्रियं तिच्यातही असतात. म्हणजे आयुष्यभर जिच्या भरवशावर आमटीला नावं ठेवली, तिचाच आपण रोग म्हणून शोध लावतो.

मात्र काही गाठींची थट्टा करवत नाही. दात काढले की जबड्याचं हाड हळूहळू झिजत जातं, पण जुनी कवळी आहे तेवढीच राहते. मग ती सैल होते, तिची कड हिरडीला घासते, आणि त्या घासण्याला उत्तर म्हणून कडेभोवती मांसाच्या घड्या वाढतात. घड्या निरुपद्रवी खऱ्या, पण त्या तयार व्हायला बराच काळ जावा लागतो. त्या काळात कुणीतरी भाकरी दुधात कुस्करून खात असतं, चकलीला नको म्हणत असतं, आणि नवी कवळी म्हणजे मुलाला खर्च, म्हणून गप्प बसलेलं असतं. गर्भारपणात हिरडीवर येणाऱ्या, चटकन रक्त निघणाऱ्या लाल गाठीचंही तसंच. बाळंतपणानंतर ती बरेचदा आपोआप ओसरते. तोवर त्या बाईला कुणी नीट समजावून सांगितलं तर निम्मी भीती तिथंच संपते. शहाण्यासुरत्या माणसांच्या जिभा अशा वेळी नेमक्या मुक्या होतात.

यावर कुणी म्हणेल, भारतीय पुरुषांच्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग सगळ्यात पुढे, आणि तुम्ही गाठींवर विनोद करता? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. कर्करोगाआधीचा पांढरा किंवा लाल चट्टा पुष्कळदा सपाट असतो आणि दुखत नाही. जिभेला तो दखल घेण्याजोगा वाटतच नाही. साबुदाण्यासाठी आकांत करणारी ही बाई खऱ्या संकटापाशी घुटमळतही नाही. आणि मला खरा राग येतो तो इथं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तंबाखू-चुन्याची चिमूट मात्र त्याच गालात, त्याच जागी, रोज जाते. मिश्रीचं बोट रोज त्याच हिरडीवरून फिरतं. फोर्डाइसच्या ठिपक्यांवर टॉर्च मारणारे आम्ही, आणि ज्यांनी आरशासमोर आ करायला हवा ते ‘काही नाही, सवय आहे’ म्हणून पिचकारी टाकून मोकळे. गाठ असो, चट्टा असो की जखम, दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवावी. हा नियम दोघांनाही एकच.

शेवटचा आक्षेप फीचा: ‘काही नाही’ एवढं ऐकायला पैसे मोजायचे? मोजावेत. तंबाखू मळणाराही ‘काही नाही’ म्हणतो, पण न बघता. डॉक्टर दिवा लावून बघतो, बोटानं चाचपतो, गाठ काढलीच तर तुकडा तपासायला पाठवतो आणि मग म्हणतो. पैसे त्या बघण्याचे असतात. एवढं करूनही गाठ क्षुल्लक निघाल्याचं वैषम्य वाटलंच, तर तिचं नाव कागदावर लिहून मागावं. ‘इरिटेशन फायब्रोमा’ हे चार लोकांत सांगायला काही वाईट नाही.