मुळशीचा चकवा

आमचे साडू इंग्लंडात असतात आणि तिथलं काहीतरी थोर ऐकवायला अधूनमधून पुण्याला येतात. यंदा भूत आणलं होतं. यॉर्कला ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा जुना पब आहे. तिथे लेडी पेकेट नावाच्या कुणा बाई रात्री-अपरात्री फिरतात म्हणे. साडूंनी फोटो दाखवला. त्यात बिअरचा ग्लास तेवढा स्पष्ट आला होता.

देशाच्या अब्रूचा प्रश्न आला की मी गाडी काढतो. “मुळशीला चला, आपला चकवा दाखवतो!” चकवा पबात बसत नाही. तो दिसतही नाही. रानात वाट चुकवतो आणि माणसाला रात्रभर तिथल्या तिथे फिरवतो. आपल्या भुतांना साहेबाचा दाखलाही आहे. नाशिकच्या जॅक्सन कलेक्टरांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून भुताखेतांची माहिती मागवली होती. त्यांच्या पश्चात एन्थोवेनसाहेबांनी 1915 मध्ये कोकणापुरतं तिचं पुस्तक काढलं.

ताम्हिणी घाट, धुकं, धबधबे : छान आहेत.

परतताना अंधार पडला, पावसाने जोर धरला आणि मी जवळचा रस्ता घेतला. जवळचे रस्ते मला उपजतच कळतात. थोड्या वेळाने एक देऊळ लागलं, एक टपरी, एक कुत्रं. मग पुन्हा तेच देऊळ. “अहो, हे मघाशीच बघितलं ना?” बायको म्हणाली. “देवळं सारखीच असतात,” मी म्हणालो. कुत्रं मात्र आधी भुंकलं, मग शेपूट हलवू लागलं आणि शेवटी उठेनासं झालं.

“जीपीएस लावा,” साडू म्हणाले. लावला. बाण धरणाच्या मधोमध उभा!

टपरीवरच्या म्हाताऱ्या मावशींना फोन दाखवला. डोळ्यांजवळ धरून त्यांनी नीट पाहिला. “बरोबर हाय की. तितंच व्हतं आमच्या आज्याचं गाव,” म्हणाल्या आणि चहा गाळायला वळल्या.

कुणीच काही बोललं नाही. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी इथे मुळा नदी अडवली. ते पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला उतरून वीज करतं. 1921 मध्ये इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. तरी गावं बुडालीच. ज्या सरकारने भुतांची माहिती मास्तरांकडून लिहून घेतली, त्याला जित्या माणसांचं म्हणणं काही ऐकू आलं नाही.

मावशींनी पौडचा रस्ता सांगितला. चहाचे पैसे घेतले, रस्त्याचे नाही.

एका पबातल्या एका बाईंचं तिकडे एवढं कौतुक. इथे गावंच्या गावं पाण्याखाली आहेत. धरणाच्या रस्त्याला बुडालेल्या गावागणिक एक पाटी लावा, एवढीच विनंती आहे. वाट चुकलेल्यांनाही उपयोगी पडेल.