वाळवंट पाहण्याची प्रमाणित कार्यपद्धती

ही कार्यपद्धती चाकण-भोसरी-आकुर्डी पट्ट्यातल्या त्या कुटुंबांसाठी आहे, ज्यांच्या घरात दिवाळीचा बोनस जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी "यंदा जरा बाहेर जाऊन येऊ या" हे वाक्य उच्चारलं गेलं आहे. 'बाहेर' म्हणजे पूर्वी महाबळेश्वर होतं. मग केरळ झालं. समोरच्या विंगमधले दुबईला जाऊन आले आणि त्या शब्दाचा अर्थ समुद्रापलीकडे सरकला.

मी चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन नियोजन बघतो. कुठला नग कुठल्या मशीनवर किती वाजता चढेल हे मी आदल्या रात्री सांगू शकतो. तो चढत नाही ही गोष्ट वेगळी. तरीही आयएसओच्या शिस्तीला धरून आधी जबाबदाऱ्या निश्चित करू. नियोजन: नवरा. मंजुरी: बायको. ऑडिट: सासूबाई. माहितीसाठी प्रत: मेहुणा.

देश निवडताना इजिप्त आणि जॉर्डन यांचाही विचार करावा. आम्ही केला. इजिप्तबद्दल "थडगी बघायला एवढे पैसे?" असा शेरा पडला. जॉर्डनमधलं पेट्रा हे डोंगरात कोरलेलं शहर आहे असं मी उत्साहाने सांगितलं, तर "मग कार्ल्याला जाऊ की, दुपारपर्यंत घरी," असं उत्तर आलं. दुबईला मात्र कोणाचीच हरकत नव्हती, कारण दुबईत काय बघायचं असतं हे सगळ्यांनी आधीच बघितलेलं होतं. फक्त आपण तिथे उभे असलेला फोटो शिल्लक होता.

माहितीसाठी प्रत मिळताच मेहुण्याचा फोन आला. "दाजी, ऊन आणि धूळच बघायची तर तळेगाव चौकात उभं राहा की अर्धा तास. ट्रेलरपण दिसतील." या मुद्द्याचं खंडन करण्याच्या भरीस पडू नये. तो खरा आहे.

ऑडिटमधून आलेला प्रश्न असा होता: "मुसलमानांचा मुलूख तो. आपल्याला खायला काय मिळणार?" उत्तर आधीच तयार ठेवावं. बर दुबई आणि करामा या भागांत थाळीपासून वडापावपर्यंत सगळं मिळतं. १९८४ मध्ये दातार नावाच्या मराठी बाप-लेकांनी तिथे छोटं किराणा दुकान टाकलं, त्याची पुढे दुकानांची साखळी झाली आणि धनंजय दातार 'मसाला किंग' म्हणून ओळखले जाऊ लागले. याहून परिणामकारक म्हणजे रुपयाचा दाखला. १९६६ पर्यंत तिथे आपलाच रुपया चालत होता. १९५९ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला होता. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग आता का नाही चालत?" ऑडिटरला गरजेपेक्षा जास्त माहिती पुरवू नये हा नियम मी इथे मोडला.

महिना निवडताना घाई नको. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, शटडाऊन लागण्याची शक्यता असते आणि पॅकेज स्वस्त असतं. स्वस्त असतं कारण तेव्हा पारा चाळिशीला टेकतो आणि पुढे उन्हाळाभर तिथली फुलांची प्रसिद्ध बागही बंद असते. त्यापुढे तर १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथल्या सरकारची बंदी असते. ज्या वेळेला ते कामगारालाही सावलीत बसवतात, त्या वेळेला आपण पैसे भरून उन्हात उभं राहू नये. रमजान कधी येतो तेही बघावं. तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. त्या महिन्यात दिवसा रस्त्यात उभं राहून खाणं शोभत नाही. आपल्याला उपवासाची सवय आहे हे खरं, पण आपल्या उपवासात साबुदाण्याची खिचडी असते.

एकंदरीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी. प्रश्न रजेचा. १६६० मध्ये चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध ५६ दिवस झुंजवला. याच चाकणमध्ये माझा सहा दिवसांच्या रजेचा अर्ज साधारण तितकेच दिवस लढला. शेवटी गुरुवारची साप्ताहिक सुट्टी जोडून पाच दिवस हाती आले.

आता सर्वांत जोखमीचा टप्पा: फराळ.

मराठी कुटुंब दिवाळीनंतर परदेशी निघालं की बॅगेत फराळ जाणार, हे गृहीत धरावं. परंतु संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा अमली पदार्थांच्या यादीतला जिन्नस आहे. विनोद नव्हे. आपण जी लाडाने भाजतो, ती खसखस अफूच्या बोंडातली असते आणि तिथला कायदा तिच्याकडे त्याच नजरेने बघतो. त्यामुळे प्रत्येक डब्याची आवक तपासणी करावी. आमचा निकाल असा लागला: बेसनलाडू पास. चकली पास. शंकरपाळे पास. अनारसे थेट रिजेक्ट, कारण त्यांच्या पाठीवर खसखस उघडउघड पसरलेली. करंजी वरून निर्दोष, पण सारणात भाजलेली खसखस. म्हणजे बाहेरून न दिसणारा दोष, ज्याला आम्ही कारखान्यात सर्वांत जास्त घाबरतो. घरचा कांदा-लसूण मसाला संशयित, कारण त्यात काय काय घातलं हे सासूबाईंना आठवेना. आठवत असूनही त्या सांगत नव्हत्या, असं माझं मत आहे.

शॉप फ्लोअरवर नापास माल लाल बिनमध्ये टाकून कुलूप लावतात. मी घरातला लाल झाकणाचा डबा घेतला, त्यात अनारसे आणि करंज्या भरल्या आणि वर 'वापरू नये' अशी चिठ्ठी डकवली. सासूबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हा वेळ व्हिसाच्या कागदपत्रांसाठी वापरावा. (खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का, तेही याच शांततेत बघून घ्यावं.)

प्रेक्षणीय स्थळांबद्दल फार लिहीत नाही. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे, १२४व्या मजल्यावर लिफ्ट मिनिटभरात नेते आणि वर पिठलं-भाकरी मिळत नाही. सिंहगडाची सवय असलेल्यांनी हे मनाशी आधीच पक्कं करावं. मेट्रो २००९ पासून धावते आणि डब्यात खाल्लं-प्यायलं तर १०० दिरहम दंड होतो. सरावासाठी पीसीएमसी ते स्वारगेट हा प्रवास तोंड बंद ठेवून एकदा करावा. खाडी ओलांडणारी अब्रा नावाची लाकडी होडी एका दिरहममध्ये पलीकडे सोडते. संपूर्ण सहलीत पैसे वसूल झाल्याची भावना मला फक्त त्या होडीत आली. तिच्यात बसण्याआधी अल फहिदी भागातले जुने वाऱ्याचे मनोरे बघावेत: चारी बाजूंनी वारा पकडून खालच्या खोलीत सोडायचा, वीज शून्य. आमच्या शेडच्या छतावरचे पंखे फिरतात तेव्हा निदान आवाज तरी होतो, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

एक गोष्ट पिंपरी-चिंचवडकराने तिथे मनातल्या मनात म्हणावी. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या चार गावांची नगरपालिका झाली १९७० मध्ये. संयुक्त अरब अमिरात हा देश झाला १९७१ मध्ये. म्हणजे आपण एक वर्षाने मोठे. हे टॅक्सीवाल्याला सांगू नये. तो काचेबाहेर बघतो आणि मग आरशातून आपल्याकडे बघतो.

अबूधाबीला शेख झायेद मशीद बघायलाच हवी. ८२ घुमट, आणि आत एक अखंड गालिचा, जो विणायला हजारभराहून अधिक बायकांचे हात लागले. पाहुण्यांना प्रवेश मोफत, पण आगाऊ नोंदणी करावी लागते. बायकांनी केस आणि अंग पूर्ण झाकायचं असतं. आमची मुलगी ओढणीशी झगडत होती, बायको पिना शोधत होती. सासूबाईंनी पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलं होतं, अंगावरची शाल सारखी केली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि त्या आत निघाल्या. दारावरच्या बाईने त्यांच्याकडे बघून मान लववली. "किती स्वच्छ ठेवलंय," एवढंच त्या आत म्हणाल्या. ऑडिटमध्ये याहून मोठा शेरा मी पंधरा वर्षांत ऐकलेला नाही. दुसऱ्या दिवशी अबू मुरैखातलं २०२४ मध्ये उघडलेलं मंदिरही पाहिलं, सात अमिरातींची सात शिखरं. तिथे सासूबाईंना चपलांची व्यवस्था पटली नाही.

वाळवंट सफारीला वाहन उद्योगातल्या माणसाने जपून जावं. दुपारी लँड क्रूझर न्यायला येते. वाळू सुरू होण्याआधी चालक गाडी थांबवतो, उतरतो आणि चारही चाकांतली हवा सोडायला लागतो. घरच्यांना हा विलंब वाटतो. पण हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारं क्षेत्र वाढतं, भार वाटला जातो आणि गाडी वाळूत रुतत नाही. आमच्या शेजारच्या गाडीतून भोसरीचे दोघे उतरले, मी उतरलो, कुठून तरी एक औरंगाबादकर आला, आणि आम्ही चौघं त्या पठाण चालकाभोवती उकिडवे बसलो. "कितना रखता है?" "गेज कौन सा?" "निप्पल नहीं घिसता?" तो आनंदाने सांगत होता. मागे सूर्य मावळतीला चालला होता, तो आम्ही पाहिला नाही. फोटोत आमच्या चार पाठी आणि एक टायर आहे.

आम्हाला नेलं त्या लहबाबची वाळू लालसर असते, कारण तिच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. साध्या भाषेत, गंज. आयुष्यभर ज्याच्या विरुद्ध तेल लावलं, कोटिंग केलं, ग्राहकाची बोलणी खाल्ली, तोच इथे डोंगराएवढा पसरलेला, आणि लोक त्याच्यावर लोळून फोटो काढत होते. पुढे उंटावर बसायला मिळतं. कालावधी अंदाजे दोन मिनिटं, त्यातला निम्मा वेळ चढण्या-उतरण्यात. रात्री जो घेरदार झग्यातला गिरकीचा नाच दाखवतात तो मूळचा इजिप्तचा. म्हणजे इजिप्त अखेर बघून झालंच, आणि थडग्यांशिवाय.

सोन्याबद्दल एकच सूचना. दागिन्यांवरची जकात सवलत वर्षभराहून अधिक परदेशात राहून परतणाऱ्यांना मिळते, पाच दिवसांच्या पाहुण्यांना नाही. ही माहिती देराच्या सोनेबाजारात शिरण्याआधी सांगावी. मी बाहेर पडल्यावर सांगितली.

परतीच्या दिवशी पहाटे टॅक्सी करावी. रस्ते मोकळे असतात. एका सिग्नलला आमच्या शेजारी एक बस येऊन थांबली, कामगारांची. निळे डगले, मांडीवर डबे, आणि सगळे झोपलेले, माथा काचेला टेकून. प्रत्येक खिडकीवर डोकं टेकतं त्या उंचीला तेलाचा गोल डाग. मी घड्याळ बघितलं: पहिली पाळी. मुलीने मोबाइल वर केला, तो खाली करायला लावावा. परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढणं तिथे गुन्हा आहे. सिग्नल साधारण मिनिटभराचा असतो. त्या वेळात बघून घ्यावं, माहितीपत्रकात हे ठिकाण नसतं.

घरी आल्यावर लाल डबा उघडावा. करंज्या मऊ पडलेल्या असतात, अनारसे टिकतात. आणि दुसऱ्या दिवशी मोशीच्या थांब्यावरून कंपनीची बस पकडताना आपल्या नेहमीच्या खिडकीवरचा डाग पुसायच्या भानगडीत पडू नये. जागा आपली आहे हे त्याच्यावरूनच ओळखता येतं.