ओरिजिनलवाले काकाजी

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यात मंडया भरू लागतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. घर पाहुण्यांनी भरलेलं, दिवसा दंडार, जिलेबी आणि पाळणे, रात्री झाडीपट्टीचं नाटक, असा रिवाज. पण मंडळात पोरांचं बहुमत झालं की नाटकाऐवजी ऑर्केस्ट्रा येतो. फलकावर प्रति-किशोर, प्रति-लता आणि खाली बारीक अक्षरांत ‘कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार मंडळाकडे राहील’. ऑर्केस्ट्रा आला, की ओरिजिनलवाले काकाजी आलेच.

ते कुठल्या एका गावचे नव्हेत. सालेकशाकडे आहेत, तिरोड्याकडे आहेत, अर्जुनी मोरगावच्या बाजूला तर एखाद्या गावात दोन-दोन आहेत आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी राइस मिलमध्ये मुनिमाची झालेली, नाहीतर रेल्वेत, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत. कानाला मफलर, पण कान उघडा राहील अशा बेताने गुंडाळलेला. खिशात खर्ऱ्याची पुडी. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर कुणी बसवलं तरी ते बसत नाहीत. ती जागा सरपंचाची, पोलीस पाटलाची आणि वर्गणीचा मोठा आकडा लिहिणाऱ्या मिलवाल्या शेठची. काकाजी थेट मिक्सरपाशी जाऊन उभे राहतात आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलत नाहीत.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच टाळ्या पडतात. ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ एवढं ऐकूनच मागच्या बिछायतीवरची पोरं शिट्ट्या मारतात. काकाजी कपाळाला आठ्या घालतात. त्यांनी तसं करायचं कारण नाही, कारण हा प्रकार मोठ्यामोठ्यांच्या बाबतीत घडलेला आहे. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी वाद्यं जुळवून घेतली, आणि तेवढ्यावरच हजारो लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. सूर लावणंच इतकं आवडलं असेल तर पुढचं वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, असं काहीसं रविशंकर हसून म्हणाले. मंडईतला निवेदक मात्र असल्या टाळ्या मान लववून घेतो. पुढे मिळतील याची त्याला खात्री नसते.

पहिलं गाणं सुरू झालं की काकाजींचं काम सुरू होतं. गाणं चांगलं की वाईट हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी नसतोच. प्रश्न एकच: ओरिजिनलसारखं आहे का?

त्यांचा अभ्यास दांडगा असतो, हे शत्रूलाही मान्य करावं लागेल. ‘आराधना’मधल्या त्या पावसाळी रात्रीच्या गाण्यात अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांनी वाजवलं, हे त्यांना पाठ. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो ते अँथनी गोन्साल्विस म्हणजे प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे गोव्याचे गुरू, हेही पाठ. ‘शोले’मध्ये हेलनच्या नाचाआधी जो घुमणारा आवाज येतो तो बिअरच्या बाटल्यांत फुंकून काढलेला आहे, हे त्यांनी एकदा मंडळाच्या पोरांना सांगितलं. ते गाणं घ्यायचं तर बाटल्या पाहिजेत, आणि त्या रिकाम्या पाहिजेत. मंडईच्या इतिहासात कुठल्याही कामासाठी एवढे स्वयंसेवक पुढे आले नव्हते.

खरी गंमत ‘नागिन’च्या वेळी होते. बीन सुरू झाली की तोंडात रुमाल धरलेली दोन-चार पोरं मातीत लोळू लागतात आणि काकाजी हात वर करून ओरडतात, “चूक आहे! ओरिजिनलमधे बीन नव्हती!” आता हे शंभर टक्के खरं. 1954 सालच्या त्या सिनेमात बीनचा आवाज क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यातून काढला होता, वाजवणारे कल्याणजी, आणि साथीला हार्मोनियमवर रवी. म्हणजे बीनची नक्कल करणारं ते एक पेटीवजा वाद्य, आणि आता मंडईतल्या कीबोर्डवर त्या नकलेची नक्कल. हिशेबाने पाहिलं तर हा कीबोर्डवालाच ओरिजिनलच्या सगळ्यात जवळ. काकाजींना हे पटत नाही. लोळणाऱ्या पोरांना तर विचारायचीच सोय नसते.

पण काकाजींचं ओरिजिनल तरी कुठलं? 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा कडवा अभिमानी. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता अख्खा देश शेजारच्या देशाकडे कान लावून बसू लागला. 1957 साली विविध भारती आली खरी, पण तोवर लोकांचा काटा सिलोनवर बसलेला होता. काकाजी लहानपणी गावातल्या एकुलत्या एका रेडिओपुढे ज्या ओसरीत बसायचे, तिथे गाणं शॉर्टवेव्हवरून यायचं. आवाज यायचा, जायचा, पुन्हा यायचा. मुखडा गोंदियात, अंतरा समुद्रात. मधेच खरखर, मधेच कुठल्या परदेशी भाषेतल्या बातम्या. काकाजींच्या कानात ओरिजिनल म्हणून जे बसलं ते हे, खरखरीसकट. म्हणून साठ वर्षांनी मंडईतला प्रति-किशोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारख्या ठणठणीत आवाजात गातो, तेव्हा त्यांना काहीतरी चुकतंय असं वाटतं. त्यांचं बिचाऱ्यांचं चुकत नाही, आणि गाणाऱ्याचंही नाही.

साउंडवाल्याशी त्यांचं नातं खास असतं. “ट्रेबल कमी कर जरा.” “व्हायोलिन वर घे.” व्हायोलिन नसतंच, ज्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसल्या होत्या, त्या सगळ्या आता कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात असतात. साउंडवाला पोरगा अशा काकाजींना गावोगाव ओळखून असतो. मिक्सरच्या अगदी कडेचं एक बटण त्याने कशालाच जोडलेलं नसतं. “घ्या काकाजी, तुमीच करा,” म्हणून तो ते बटण त्यांच्या स्वाधीन करतो. काकाजी डोळे मिटून ते दोन केस डावीकडे, एक केस उजवीकडे फिरवतात. थोडं थांबतात. पुन्हा अर्धा केस डावीकडे. “आता कसं?” साउंडवाला म्हणतो, “लय फरक पडला जी.” आणि खरंच, काकाजींच्या चेहऱ्यावरून पाहिलं तर फरक पडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर कार्यक्रम पुन्हा एकदा होतो, आणि तो रात्रीच्यापेक्षा लांब चालतो. ठेलेवाला पन्नीवर खर्रा घासत असतो आणि विचारतो, “का जी काकाजी, कसा झाला मंग आर्केस्ट्रा?”

“ओरिजिनलची मजा नाही आली बा. ढोलकी तर दबूनच गेली होती.”

तेवढ्यात बांधीवरून परत आलेला एक जण घोंगडी खांद्यावर टाकून उभा असतो. तो कार्यक्रमाला नव्हताच. हलके धान कापून झालेले, बांधीत पुंजणं रचलेलं, रानडुकरं मोकाट. तो रात्रभर दीड-दोन किलोमीटरवर शेकोटीपाशी राखण बसला होता. तो म्हणतो, “ढोलकीच तर मस्त होती जी. बाकी काही आयकूच नाही आलं.” दोघांचंही खरं. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार असते, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर पोचतो. मात्र बारीक, चढे सूर हवा वाटेतच खाऊन टाकते आणि ठेक्याचा घुमारा तेवढा शिल्लक ठेवते. पुंजण्यापाशी बसलेल्याला लताही नाही, किशोरही नाही. चार तास नुसता ठेका. त्याचा अभिप्राय सगळ्यात अनुकूल असतो.

शेठला गाणी आठवत नाहीत. त्याचं नाव माइकवरून तीनदा घेतलं, त्यातलं एकदा गाण्याच्या मधेच, आणि एकदा आडनाव चुकवलं, हे आठवतं. पोलीस पाटलांना प्रत्येक गाण्याची वेळ तोंडपाठ असते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातून फार तर 15 दिवस सरकार 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे त्यांनी ऑर्केस्ट्रा घड्याळात पाहून ऐकलेला. नाटक पहाटेपर्यंत चालतं तेव्हा तेच घड्याळ कसं बंद पडतं, हे त्यांना विचारायचं नसतं. पोरांनी सगळा कार्यक्रम मोबाइलमध्ये भरून घेतलेला असतो आणि तो ते नंतर ऐकणार असतात. एका आजोबांना मात्र खरोखर वाईट वाटलेलं: बालाघाटकडच्या पाहुण्यांसाठी हिंदी झालं, राजनांदगावकडच्यांसाठी छत्तीसगढी झालं, डान्सवाल्यांसाठी भोजपुरी झालं, आपल्या भजनाची चिठ्ठी मात्र निवेदकाच्या खिशातच राहिली.

काकाजींनी रात्रभरात फक्त एका गाण्याला मान डोलावली होती. प्रति-लता म्हणून आलेल्या मुलीने एक जुनं विरहगीत घेतलं आणि त्यात आवाजाला असा काही कंप दिला की काकाजींनी बटण सोडून दिलं. “ते ओरिजिनल,” ते पानठेल्यावर सांगतात, “ती आवाजातली थरथर शिकवून येत नाही.”

नळावर बायांचं बोलणं चाललेलं असतं ते असं: “पोरगी कुडकुडत होती वं. बिनबाह्याचं पोलकं, अन् एवढी थंडी. मी मंग शाल पाठवली वरती.”

पुढच्या गाण्यात ती थरथर नव्हती. काकाजींनी तेही टिपलेलं असतं. “दुसऱ्या गाण्यात हरवली ती,” ते म्हणतात. “असं होते. एकच गाणं जमते मानसाले.”

अशा मतभेदावरून पानठेल्यावर आवाज चढतात, पण तेवढंच. 29 मे 1913 रोजी पॅरिसमध्ये स्त्राविन्स्कीचं ‘राइट ऑफ स्प्रिंग’ पहिल्यांदा वाजलं तेव्हा निम्मं थिएटर हुर्यो करत होतं आणि निम्मं त्यांना गप्प करण्यासाठी त्याहून मोठ्याने ओरडत होतं. नाचणाऱ्यांना ऑर्केस्ट्रा ऐकू येईना, तेव्हा नृत्य बसवणारा निजिन्स्की विंगेतून ओरडून मात्रा मोजत राहिला. त्या रात्री नेमकं काय झालं याबद्दल हजर असलेल्यांच्या आठवणीही एकमेकींशी जुळत नाहीत. गोंदिया जिल्ह्यात इतकी वेळ येत नाही. धान खरेदी केंद्र कधी उघडणार आणि यंदा बोनस किती, हा विषय निघाला की ऑर्केस्ट्रा आपोआप मागे पडतो.

मग मंडळाची हिशेबाची बैठक होते. मंडपवाला, जनरेटर, चहा-आलूबोंडे, आणि सगळं जाऊन खाली तूट. पोरं गप्प. म्हातारे म्हणतात, पुढच्या साली नाटकच आणायचं. काकाजी जोरात अनुमोदन देतात. नाटकात कलाकार उभ्याउभ्या स्वतः गातात, पुढ्यात ऑर्गन-तबला, नक्कल नाही, सगळं ओरिजिनल, असं त्यांचं म्हणणं. नाट्यकंपनी ठरवायला चौघे जण वडशाला जायचं ठरतं. झाडीपट्टीच्या बहुतेक कंपन्यांची बुकिंगची ऑफिसं तिथेच. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या गाडीने मंडळी वडशाला उतरतात. कंपनीवाला नाटकांची नावं सांगतो, तारखा दाखवतो, हिरोईन कोण तेही सांगतो. अध्यक्ष भाव पाडण्यात गुंतलेले. काकाजी पुढे सरकतात.

“ते ठीक आहे जी. पन ऑर्गनवर कोन बसते तुमच्याकडे?”

कंपनीवाला जरा विचार करतो. “आहे एक. पहाटेपावतर झोपत नाही.”

काकाजी अध्यक्षांकडे वळून सांगतात, इसार देऊन टाका.