दंडमाफी नाकारल्याबद्दल आभार

शाहूपुरीतले एक गूळव्यापारी (काल्पनिक, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचे) यांचा प्राप्तिकराच्या दंडमाफीचा अर्ज फेटाळला गेला. साहेबांना उत्तर काय द्यावं, असं त्यांनी विचारलं. आम्ही मसुदा करून दिला. गरजूंनी नाव बदलून वापरावा.

मा. आयुक्तसाहेब,
स. न. वि. वि.

आपला निर्णय पोचला. १९६१ च्या कायद्यातल्या कलम २७३अ प्रमाणे असा अर्ज निकाली काढायला आपल्याला बारा महिने मिळतात. ते आपण पुरेपूर वापरलेत, तक्रार नाही. मला झाला तो उशीर आणि आपल्याला लागली ती मुदत, एवढं आता ध्यानात आलं.

आपण म्हणता, माझी अडचण खरी असल्याचं सिद्ध झालं नाही, कारण मूळ कर मी भरला होता. रास्त आहे. अडचणीतला माणूस कर भरेल कशाला? आणि भरला नसता, तर सहकार्य केलं नाही म्हणून अर्ज पडला असता, असं आमचे वकील सांगतात.

आमच्या शेजाऱ्यानं मात्र कधीच अर्ज केला नाही. घरफाळा थकवला, महिन्याला दोन टक्क्यांनी दंड चढू दिला आणि महापालिकेनं सवलत जाहीर केल्यावर ऐटीत जाऊन भरला. जीएसटीच्या आधीचा विक्रीकरही त्याच्याकडे थकलेला. २०२३ च्या अभय योजनेत एकेका वर्षाची दोन लाखांपर्यंतची थकबाकी राज्य सरकारनं पुरती माफ केली, त्यात तोही सुटला. त्याला अडचण विचारली नाही, पुरावा मागितला नाही. मी एकटा आलो आणि वर मागितलं, तिथंच बिनसलं.

या कलमाखालचा आदेश अंतिम असतो. तरी रिटचा रस्ता उरतो. पूर्वी त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठावी लागे. तिकीट, लॉज आणि वकिलाची फी यांची बेरीज केली की दंड स्वस्त वाटायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. आता बेरजेतून तिकीट आणि लॉज गेले. फी आहे, त्यामुळं दंड अजूनही स्वस्तच आहे.

सबब चलन सोबत जोडलं आहे. कळावे.

आपला विश्वासू,
एक नियमित करदाता

ता. क. : वेळेत भरणाऱ्यांसाठी एखादी अभय योजना निघाली तर कळवावे. अर्ज करणार नाही.