मिस्त्रीशी न्यायाने भांडण्याची रीत

पारनेर ही सेनापती बापटांची जन्मभूमी. मुळशीचा सत्याग्रह लढवणाऱ्या माणसाच्या गावात घर बांधायला काढलं, की पहिली चूक दिसताच वाळूच्या ढिगावर उपोषणाला बसावंसं वाटणं साहजिक आहे. बसू नये. वाळू तापते, आणि तेवढ्यात मिस्त्री दुसऱ्या साईटवर निघून जातो.

आधी चूक सिद्ध करावी. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून गप्प उभं राहावं. पाणी जाळीकडे न वळता ऐटीत उंबऱ्याकडे निघालं, तर मिस्त्री म्हणेल, "सर, फरशी नवीये. वापरात आली की पाणी बरोबर वाट धरतं." चिडू नये. दुसरी बादली ओतावी. मग रुपयाच्या नाण्याने एकेक फरशी वाजवत जावं. जिथे बद्द आवाज येतो, तिथे खाली माल भरलेला नाही. भिंत तपासताना ओळंबा त्याच्याच हातात द्यावा. स्वतःच्या ओळंब्याशी कोणी वाद घालत नाही.

आता दुखरा भाग. चूक कोणाची? लेबर रेटने काम दिलं असेल, तर सिमेंट, सळई, खडी मालकाची आणि हात मिस्त्रीचे. पाणीही मालकाचंच, आणि तालुका अवर्षणप्रवण. नवा स्लॅब निदान 7 ते 10 दिवस ओला ठेवायचा असतो. तिसऱ्या दिवशी मालक टँकरच्या दरावरून घासाघीस करतो, मिस्त्री म्हणतो, "मी काय घाम मारू?" आणि पुढे स्लॅबवर केसासारख्या भेगा उमटतात. त्यातला आपला वाटा मुकाट्याने उचलावा. चहा पिता पिता "खिडकी जरा अलीकडे घ्या" असं आपणच म्हटलं असेल, तर ती खिडकीही मिस्त्रीच्या खात्यावर टाकू नये. ढाळ मात्र पूर्ण त्याचा: मजुरी त्याची, आणि उखडताना फुटलेल्या फरशीचे पैसेही त्याचेच.

याच तालुक्यात राळेगणसिद्धीचा गळका पाझर तलाव अण्णा हजारेंच्या पुढाकाराने गावाने श्रमदान करून दुरुस्त केला. न्हाणीघरासाठी गाव येत नाही. आलंच तर सल्ला द्यायला येतं.

खरं हत्यार शेवटचा हप्ता. पण दुरुस्तीला लागेल तेवढीच रक्कम अडवावी. बाजाराच्या तोंडावर बिगाऱ्यांचा पगार अडवणं हा शुद्ध अन्याय आहे; ढाळ काही त्यांनी ठरवलेला नसतो. मध्यस्थ म्हणून इंजिनिअर घ्यावा, पण पाव्हण्यातला नको, तो दोन्हीकडून जेवतो. काय फोडायचं, कधीपर्यंत, कोणाच्या पैशाने, हे वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

महारेराचा धाक घालू नये. बांधकामातल्या दोषांची 5 वर्षांची हमी आहे ती बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्याला. आपल्या प्लॉटवर आपण लावलेल्या मिस्त्रीला ती लागू नाही. नगरला जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे 2 वर्षांच्या आत जाता येतं. त्याचा उल्लेख एकदाच करावा, तोही आवाज न चढवता. रोज केला तर मिस्त्रीच आपल्याला तिथली बस सांगतो.

आणि भांडताना जीभ जरा आवरती घ्यावी. वरचा मजला अजून बाकी आहे, आणि बरे गवंडी सुप्याच्या एमआयडीसीतल्या कामांवर गेलेले आहेत.